शेवटचं पेर

रक्त मला आधी दिसलं ते बटाट्याच्या सालींवर. आईला पत्ताच नव्हता. ती आपली खिडकीजवळच्या खुर्चीत बसून, मांडीवर पातेलं घेऊन सालं काढत होती, रेडिओवर रविवारचं पोल्का संगीत चाललं होतं, आणि तिच्या कोपरापासून एक बारीक लाल रेघ मनगटापर्यंत उतरून, तिथं जरा थांबून, पातेल्यात टपकत होती. “आई, हात,” मी म्हणाले. तिनं हात उचलून पाहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा, आणि म्हणाली, “अगं बाई, हे कधी झालं?” जिनं केलं होतं ती ट्रुडी फ्रिजवर बसून पंजा चाटत होती. शेजाऱ्यांनी गवत कापायचं मशीन सुरू केलं, तशी ती दचकून आईच्या अंगावरून पळाली होती, एवढंच. पळताना मांजर नखं रोवतं. झाडाला रोवतं, सोफ्याला रोवतं, आईला रोवतं. त्यात राग नाही, लोभ नाही. पण आईची कातडी आता कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालीय, आणि हृदयासाठी ती रक्त पातळ करायच्या गोळ्या घेते, त्यामुळे रक्त एकदा यायला लागलं की थांबायचं नाव घेत नाही. मी एक टॉवेल बांधला, तो भिजला. दुसरा बांधला. बटाटे तसेच पाण्यात राहिले आणि आम्ही इमर्जन्सीत जाऊन बसलो. तिथली नर्स पट्टी बांधताना आईला म्हणाली, “घरात वाघ पाळलाय की काय?” आणि आई हसली. मला हसू आलं नाही. मला फक्त झोप आली होती.

ही झोप मला गेली कितीतरी वर्षं येते आहे. मी एका दंतवैद्याकडे रिसेप्शनवर बसते. दिवसभर लोकांना सांगते, काही कळणार नाही हो, जरासं टोचेल फक्त. मग घरी येते. घर म्हणजे आईचं घर. बाबा गेले तेव्हा ‘थोडे दिवस’ म्हणून मी आले, माझी भाड्याची जागा सोडली, आणि ते थोडे दिवस अजून संपायचे आहेत. बाबांनी आयुष्य आमच्या गावच्या, न्यूयॉर्क राज्यातल्या डंकर्कच्या, पोलाद कारखान्यात काढलं; कारखाना त्यांच्याआधी संपला, मग ते संपले. मग आई संपायला लागली, पण तिची तऱ्हा निराळी. ती एकदम संपत नाही. आधी तिचे डोळे गेले, तेव्हा मी गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या. मग एकदा ती तळघराच्या जिन्यात बसलेली सापडली, उठता येत नव्हतं आणि हाकही मारली नव्हती, तेव्हा मी त्या दाराला वरून कडी लावली. मग एकदा गॅस चालू राहिला, तेव्हा मी शेगडीची बटणं काढली. अजून रोज कामावर जाताना ती पर्समध्ये घालून नेते, आणि दुपारी पर्समध्ये रुमाल शोधताना ती हाताला लागतात. दर वेळी मी तिला सांगितलं, तुझ्याच भल्यासाठी. दर वेळी ती म्हणाली, “बरं.” आईच्या त्या ‘बरं’ची मला भीती वाटते. भांडली असती तर बरं झालं असतं. लहानपणी काय भांडायची! शेजारच्या आयरिश बाईशी कपडे वाळत घालायच्या दोरीवरून तिचं भांडण अख्ख्या गल्लीला पाठ होतं. आता काहीही काढून घेतलं तरी बरं.

फक्त एका गोष्टीला तिनं बरं म्हटलं नाही, आणि ती गोष्ट म्हणजे ट्रुडीची नखं. इमर्जन्सीतून आल्यावर मी तिला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे गेले, पिंजऱ्यात मांजर आणि वॉकरवर आई, अशी आमची वरात. तिथली डॉक्टर म्हणजे पोरगीच, हॉली नावाची, कानात तीन तीन बाळ्या. मी म्हटलं, हिची नखं काढून टाका. ती पोरगी माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मी घाण बोलले होते. “ते आता आपल्या राज्यात बंद झालंय,” ती म्हणाली, “कायद्यानं. आणि कायदा नसता तरी मी केलं नसतं.” मग तिनं माझाच हात हातात घेतला, माझं मधलं बोट धरलं आणि नखाखालच्या सांध्यावर टिचकी मारली. “नखं काढणं म्हणतात, पण नख नाही काढत. नख हाडातनं उगवतं ना, म्हणून हे शेवटचं पेरच तोडतात. इथून. दहाच्या दहा बोटांचं. मग ती उरलेल्या थोटकांवर आयुष्यभर चालते.” मी हात सोडवून घेतला. तेवढ्यात आई वॉकर घेऊन पुढे झाली. ती म्हणाली, “तिच्या नखांना हात लावायचा नाही. कातडी माझी आहे. माझं मी बघेन.” डॉक्टर पोरगी खूश झाली, आईला म्हणाली, “बर्निसबाई, तुमच्यासारखी माणसं कमी भेटतात.” माझ्या मनात आलं, कातडी तुझी खरी, पण रक्त मी पुसते. पण बोलायला ताकद लागते.

त्या डॉक्टर पोरगीनं सांगितलेलं सगळं केलं. नखांची टोकं कापायची, दोन आठवड्यांनी; पूर्वी हे आईच करायची, तिचा हात काय हलका होता. ती पंजा हातात घेऊन अंगठ्यानं गादी दाबायची, नखं बाहेर यायची आणि ट्रुडी डोळे मिटून पडून राहायची. आता आईचा हात थरथरतो, तेव्हा ते माझ्याकडे आलं, आणि मी धरलं की ट्रुडी चवताळते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, म्हणतात ते खोटं नाही. मग नखांवर चिकटवायच्या रबरी टोप्या आणल्या, गुलाबी रंगाच्या, दुसरा रंग शिल्लक नव्हता. ट्रुडी दोन दिवस सणाला निघाल्यासारखी गुलाबी नखांनी हिंडली आणि मग एकेक टोपी चावून काढून घरभर टाकली. एक टोपी आईच्या सूपमध्ये सापडली. आई म्हणाली, “मटार समजून खाल्लाच असता गं मी,” आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. पुढच्या आठवड्यात तिच्या पोटरीवर ओरखडा आला. छोटाच होता, पण चादर बदलावी लागली, आणि ती चादर मी रात्री न धुता तशीच कचऱ्यात टाकली, कारण जेरीला कळायला नको होतं.

जेरी माझा भाऊ. ॲरिझोनात राहतो, वाळवंटात, अंगणात हिरवे दगड पसरून त्यालाच लॉन म्हणतो, आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकतो. त्याला पहिल्या वेळचं कळलं ते इमर्जन्सीतल्या बिलावरून. फोनवर म्हणाला, “लोरी, मांजर हलव तिथून.”

“कुठे हलवू?”

“प्राण्यांच्या निवाऱ्यात दे. नाहीतर आईला हलव. मेपल कोर्ट वृद्धाश्रमात खोली रिकामी आहे, मी त्यांच्याशी बोललोय.”

“तिथं मांजर चालत नाही.”

“मग काय, प्रश्नच मिटला!” तो म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की प्रश्न मिटला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “हे बघ, तू खूप केलंस, कोणी नाही म्हणत नाही. पण अजून एकदा असं झालं ना, तर मी येईन आणि मीच तिला नेऊन ठेवीन. तुझं काही ऐकणार नाही.” मी म्हटलं, ये की, तेवढाच दिसशील. पण जेरी बोलतो ते करतो. बाबांची मोटारबोट त्यानं अशीच विकली होती, तेरावा महिना उजाडल्यासारखा उगवला, दोन दिवसांत विकली आणि गेला. मेपल कोर्ट मी बाहेरून पाहिलंय. खिडक्या उघडत नाहीत. आई तिथं गेली तर नुसती बसेल. मला माहीत आहे ती कशी बसेल, कारण मी ते एकदा पाहिलंय. दोन हिवाळ्यांपूर्वी ट्रुडी दारातून सटकली आणि बर्फाच्या वादळात हरवली. तेवढे दिवस आई पलंगावरून उठली नाही. मी पोळ्या केल्या, बटाट्याच्या, तिला आवडतात तशा, सफरचंदाच्या मोरंब्याबरोबर. तिनं ताटाकडे पाहिलं नाही. मग एका सकाळी ट्रुडी पायरीवर ओरडली, आणि मी कॉफी ओतता ओतता बघते तर आई वॉकरशिवाय स्वयंपाकघरात! माझ्यासाठी ती उठत नाही. हे मला कुणी सांगायला नको. ती ट्रुडीसाठी उठते, ट्रुडीचा डबा उघडते, ट्रुडीशी पोलिशमध्ये बोलते, जी भाषा तिनं आम्हाला कधी शिकवली नाही. मग उठलीच आहे म्हणून स्वतःही दोन घास खाते. म्हणजे मांजर गेलं तर आई गेली, नखं राहिली तर आई मेपल कोर्टात गेली. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधे मी उभी, हातात मोप घेऊन.

तर मी पेनसिल्व्हेनियात फोन केला. तिकडे, शेजारच्या राज्यात, अजून नखं काढतात. आमच्या गावची माणसं न्यूयॉर्क राज्यात जे चालत नाही ते आणायला नेहमीच तिकडे जातात. सीमा ओलांडली की पहिलं दुकान फटाक्यांचं, दुसरंही फटाक्यांचं, बाबा चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाआधी आम्हाला मागच्या सीटवर घालून न्यायचे आणि येताना पोती आमच्या पायाखाली लपवायचे. सकाळी मी आईला म्हणाले, “ट्रुडीचे दात साफ करून आणते. एक रात्र ठेवतील.” माझ्या धंद्यातली थाप, तोंडातून सहज निघाली. आईनं ट्रुडीचा जबडा उघडून पाहिला. “बरेच पिवळे झालेत खरे,” ती म्हणाली. “मी येऊ का बरोबर?” मी म्हटलं, नको, उगाच दगदग. “बरं,” आई म्हणाली, आणि पिंजऱ्यात स्वतःचा जुना स्वेटर अंथरला.

द्राक्षं काढायचे दिवस होते. आमच्याकडे सप्टेंबरात तळ्याच्या अख्ख्या किनाऱ्याला द्राक्षांचा वास सुटतो, गोड, जड, जरासा आंबूस. गाडीच्या काचा बंद केल्या तरी आत येतो. लहानपणी शाळा सुटली की आम्ही त्या वासातून घरी यायचो आणि भूक लागायची.  रस्त्यावर पुढे द्राक्षं काढायचं उंच यंत्र रेंगाळत चाललं होतं, त्याच्यामागून मी गोगलगायीसारखी, आणि मागच्या सीटवर ट्रुडी ओरडत होती. आधी जोरात, मग अंतर ठेवून, मग एकेक, प्रश्न विचारावा तशी. मी रेडिओ लावला. मग बंद केला. मी स्वतःशी वाद घालत होते, पण वाद तरी कसला, शिळ्या कढीला ऊत. त्या पोरगीचं बरोबर होतं. जेरीचंही त्याच्या परीनं बरोबर होतं. आईचं तर होतंच. ज्याचं त्याचं बरोबर असतं आणि चादरी धुवायला मी असते. शिवाय काय मोठं आक्रीत करत होते मी? आमच्या घरातल्या सगळ्या मांजरांची नखं काढलेली होती. सगळ्या गावातल्या. मांजरी सहा महिन्यांची झाली की पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन, त्याच भुलीत नखंही. लस टोचावी तसं. कुणी त्याच्यावर दोन वाक्यं बोलत नसे. मला लहानपणी वाटायचं की नखं रानमांजरांना असतात आणि घरच्या मांजरांचे पाय असे मऊच असतात. तेव्हा आम्ही सगळे राक्षस होतो का? बाबा होते का? बाबा मासे पकडून आणायचे आणि लहान मासा गळाला लागला तर परत तळ्यात सोडून त्याची माफी मागायचे. मी हे सगळं घोळवत होते आणि मधेच लक्षात आलं की माझा उजव्या हाताचा अंगठा मधल्या बोटाचं शेवटचं पेर दाबतो आहे. पुढेमागे, पुढेमागे. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

तिकडचा डॉक्टर म्हातारा होता, रस्क नावाचा, मोठ्या हातांचा. दवाखान्याला शेणाचा आणि फिनेलचा वास. आयुष्यभर गाई पाहिलेला माणूस. माझ्या गाडीची नंबरप्लेट त्यानं खिडकीतून पाहिली असावी, कारण मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, “फटाके घ्यायला आलात, का माझ्याकडे?” मी हसले नाही. मग तोही हसायचा थांबला. “कारण?” त्यानं विचारलं. “सोफ्यासाठी असेल तर मी नाही करत. सोफे खूप पाहिले.” मी आईचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं, टॉवेल सांगितले.  ट्रुडीला त्यानं बाहेर काढलं, आणि आश्चर्य म्हणजे ती त्याच्या कोपराच्या बेचक्यात डोकं खुपसून गप्प राहिली.

“मला हे आवडत नाही,” तो म्हणाला. “सांगून ठेवतो. पण निवाऱ्यातून एवढ्या वयाची मांजर कुणी घरी नेत नाही. तिथं तिचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. आमच्यातले तरुण डॉक्टर म्हणतात, तू कसाई आहेस. असेन. पण मेलेल्या मांजराच्या नखांचं काय करायचं?” मग एकदम मला विचारलं, “तुमची आई काय म्हणते?”

“तिची काही हरकत नाही,” मी म्हणाले.

मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणतात. मी डोळे उघडे ठेवून म्हणाले. बाहेर आले, रिकाम्या गाडीत बसले, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. वर्षानुवर्षं पाठीवर असलेलं एक ओझं कुणीतरी जरा उचलून धरल्यासारखं. आता ओरखडे नाहीत, जेरी नाही, मेपल कोर्ट नाही. वाटेत थांबून मी माशाचा सँडविच खाल्ला, सगळा खाल्ला, बरोबरचे बटाटेही. वेट्रेसनं विचारलं, “सुट्टी आहे वाटतं आज?” मी म्हटलं, हो. घरी आई दाराशी वॉकर धरून उभी होती आणि माझ्यामागे पिंजरा आहे का पाहत होती. “उद्या,” मी म्हणाले. रात्रभर तिच्या खोलीतला दिवा चालू होता. मी मात्र मेल्यासारखी झोपले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर रस्कनं ट्रुडीला माझ्या हातात दिलं तेव्हा ती हलकी लागली. असं काही नसणार, एवढ्यानं काय वजन कमी होतं. पंजांवर पट्ट्या नव्हत्या, फक्त केस भादरलेले आणि बोटांच्या जागी सूज. “हिच्या शी-शूच्या ट्रेमध्ये जखमा भरेपर्यंत वाळू घालू नका,” तो म्हणाला, “चीर पडलीय तिथं खडा जातो. कागद फाडून घाला. आणि उड्या मारायला देऊ नका.” मी घरी आले तेव्हा आई खुर्चीत पेंगली होती. माझं नशीब जोरावर आहे असं वाटलं मला. न्हाणीघरात जाऊन ट्रे रिकामा केला, शनिवारचं वर्तमानपत्र फाडून त्यात भरलं, पाणी ठेवलं, पिंजऱ्याचं दार उघडलं. ट्रुडी बाहेर आली नाही. आतून बघत राहिली. मी स्वयंपाकघरात येऊन कॉफी ठेवली. वॉकरचा आवाज ऐकला, खुर्चीपासून न्हाणीघरापर्यंत, आणि आईचा पोलिशमधला लाडिक सूर, माझ्या सोन्या, माझ्या राणी, असं काहीतरी असणार ते. मग सूर थांबला. कॉफी उकळून झाली तरी काही ऐकू येईना. मी गेले. ट्रुडी पिंजऱ्याच्या तोंडाशी बसली होती. आई तिच्याकडे बघतच नव्हती. ती भिंतीला हात लावून उभी होती आणि ट्रेमधल्या कागदांकडे बघत होती.

“दात साफ केले म्हणालीस ना?” आई म्हणाली.

मी वाकून ट्रेमधले कागद सारखे करायला लागले.

“पेनीची नखं काढली तेव्हा तिला मीच फाडून दिले होते कागद,” आई म्हणाली. “तू तेव्हा रांगत होतीस. मग जॅस्परला. मग ती पांढरी होती, बाबांनी आणलेली, तिला. तुम्ही शाळेतून यायच्या आत मी ट्रे बदलायची, कारण कागदावर रक्त असायचं.” ती कमोडच्या झाकणावर बसली, हळूहळू, एकेक सांधा वाकवत. “पेनी त्यानंतर कधी खिडकीत चढली नाही. खाली बसून खिडकीकडे बघायची. तुझे बाबा म्हणायचे, शहाणी झाली. मीपण तसंच म्हणायची.” ट्रुडीनं तेवढ्यात एक पाय पिंजऱ्याबाहेर टाकला, तापलेल्या तव्यावर टाकावा तसा, आणि उचलून झटकला. दुसरा टाकला, तो झटकला. अशी ती ट्रेपर्यंत आली, आत चढली, आणि तिच्या पंजाला कागदाचा मोठा तुकडा चिकटला. तो निघेना. ती तसाच पाय हवेत धरून आमच्याकडे बघत राहिली. मला बघवेना. आई खाली वाकली, तिचा स्वतःचा तोल जाईल इतकी वाकली, आणि तो तुकडा तिनं सोडवला.

“मला का नाही विचारलंस?”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“हो,” आई म्हणाली. “म्हणूनच विचारायचं असतं.”

मग मी बोलायला लागले. मी खूप बोलले. जेरीचं सांगितलं, मेपल कोर्टाचं, न उघडणाऱ्या खिडक्यांचं, चादरीचं. तुझ्यासाठी केलं, मी म्हणाले, तुला इथं राहता यावं म्हणून केलं, तुम्हा दोघींसाठी केलं. माझा आवाज चढला होता. न्हाणीघरात आवाज फार घुमतो. आई ऐकत होती. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा ती म्हणाली, “जेरी मलाही फोन करतो गं. मला ठाऊक आहे सगळं. तू दमलीस म्हणून केलंस.”

“नाही,” मी म्हणाले. आणि मग म्हणाले, “हो.” आणि मग मी टबच्या काठावर बसले आणि रडायलाच लागले, लहान मुलासारखी, तोंड वाकडं करून. “दमले गं आई. फार दमले.” हे मी आजवर कुणालाच म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही.

आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. अजून पट्टी बांधलेला हात. “मग तसं सांगायचंस की मला. मी गेले असते त्या मेपल कोर्टात.”

“तू? तू तिथं मेली असतीस.”

“मेले असते तर मेले असते. माझं वय काय, बाई? आणि हिला माझ्या मैत्रिणीच्या, मिल्ड्रेडच्या नातीनं नेलं असतं. कधीची मागतेय ती. त्यांच्याकडे गोठा आहे, उंदीर आहेत.” ती ट्रुडीकडे बघत होती. “आता नखांशिवाय हिला गोठ्यात कोण पाठवणार? आणि मला तिथं जाताही यायचं नाही, आता हिला सोडून कशी जाऊ?” हे ती तक्रार करावी तसं बोलली नाही. हिशेब कुठे चुकला ते सांगावं तसं बोलली. मला ते आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी डोळे पुसायचे थांबले. आई स्वतःला द्यायला तयार होती. मी तिला विचारलं असतं तर तिनं मला सोडवलं असतं, ट्रुडीला धड ठेवलं असतं, आणि खुशीनं नाही तरी स्वतःच्या पायांनी त्या न उघडणाऱ्या खिडक्यांच्या घरात जाऊन बसली असती. मी सगळ्यांना वाचवायला निघाले होते, आणि आता आम्ही तिघी इथंच आहोत, एकमेकींना बांधलेल्या.

“वर्तमानपत्र आण,” आई म्हणाली. “एवढाले तुकडे नसतात घालायचे. रुततात. लांब, बारीक पट्ट्या करायच्या.” मी उरलेलं वर्तमानपत्र आणून तिच्या मांडीवर ठेवलं. तिची बोटं थरथरत होती, पण कागद ती बरोबर रेषेत फाडत होती, धाग्यासारख्या पट्ट्या, आणि एकेक पट्टी ट्रेमध्ये टाकत होती. मीही खाली बसून फाडायला लागले. माझ्या पट्ट्या वाकड्या होत होत्या. आई मधे मधे माझ्या हातातली पट्टी घेऊन तिच्या दोन करत होती. ट्रुडी टबाच्या मागे जाऊन बसली होती, दोघींपासून लांब.

“लोरी,” आई म्हणाली, “यापुढे माझं काही करायचं झालं ना, डॉक्टरकडे, जेरीशी बोलून, कुठे न्यायचं, काय काढायचं, काहीही. मला आधी सांगशील?”

“सांगेन,” मी म्हणाले.

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. “नाही सांगणार तू,” ती म्हणाली, आणि पुढची पट्टी फाडायला लागली. मी तिला खोटं पाडायला हवं होतं. शपथ घ्यायला हवी होती. पण मी तशीच फरशीवर बसून राहिले आणि कागद फाडत राहिले, कारण ती म्हणत होती ते खरं होतं.